शिंपीकाकांचे ठोके

४ मार्च
नवी नोकरी, नवी खुर्ची, शेजारी खिडकी. काम मजेचं आहे. माणसं छातीवर पापुद्र्यासारखी मऊ पट्टी चिकटवून आपापल्या कामाला लागतात. जिने चढतात, भांडी घासतात, भांडतात. पट्टी त्यांच्या काळजाचा आवाज इथं पाठवते. मी हेडफोन लावून त्यातला खोकला, बोलणं, पावलं निवडून बाजूला काढायची. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, लोकांच्या आतलं ऐकायची हौस तुला लहानपणापासूनच.

९ मार्च
शिंपीकाका माझे लाडके. त्यांच्या ठोक्यांत शिलाई मशीनची खडखड मिसळलेली असते. आज पट्टी बदलायला आले. म्हणाले, पोरी, कुठं टाका उसवलाय का बघ. खरंच एक ठोका अडखळतो. डॉक्टरांना लगेच कळवलं.

१८ मार्च
शिंपीकाका गेले. मशीनवरच. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. आज त्यांनी पट्टी पुसून, रुमालात गुंडाळून परत आणून दिली. मला रडू आवरेना. उलट त्यांनीच माझी समजूत घातली.

२० मार्च
पट्टी टेबलावर पडून आहे, आणि हेडफोनमध्ये खडखड येतेय. मागे ठोके. साहेब म्हणाले, जुनं रेकॉर्डिंग असेल. नाही. मी हळूच काकांना हाक मारली, तर ठोके वाढले.

२१ मार्च
काकूंना बोलावलं. बोलवायला नको होतं. दिवसभर पट्टीशी बोलत बसल्या. घरचं, शेजारचं, मध्येच लटकं रागावणं. ठोके निवले, लेकरू निजावं तसे.

२३ मार्च
ठोका अडखळतोय. पूर्वीसारखाच. म्हणजे परत तेच— काका दुसऱ्यांदा—
काकूंना सांगितलं. म्हणाल्या, तेव्हा मी भाजीला गेले होते, आता नाही हलणार. पट्टी उचलून त्यांनी स्वतःच्या छातीला लावली.

२४ मार्च, दुपार
दोन काळजं ऐकू येतात. एक अडखळलं की दुसरंही— पट्टी काढा म्हणून पाया पडले. ऐकत नाहीत. साहेब डॉक्टरांना आणायला धावलेत. लिहीत राहिले नाही तर किंचाळेन—

काकांचं थांबलं.

काकूंचंही. हेडफोनमध्ये काही नाही.

माझा डावा हात त्यांच्या हातात. गारठलाय त्यांचा हात. पण सोडत नाहीत. डोळे उघडे, कुणाला तरी शोधतायत. बोलतायत— काळीज थांबलंय आणि काकू बोलतायत— म्हणतात, पोरी, मी आले गं, पण हे कुठंच दिसत नाहीत, इथं कुणीच—