बंद बरणीतली हवा

४ मार्च
कामाचा पहिला दिवस, आणि मन अगदी प्रसन्न! इथेच काम करणाऱ्या धाकट्या बहिणीने शब्द टाकला म्हणून ही नोकरी मिळाली, राहायलाही तिच्याकडेच. प्रयोगशाळा लख्ख आहे. पेशींपासून वाढवलेली बोटभर रोपं काचेच्या बरण्यांत, फळ्यांवर ओळीने. माझं काम एवढंच: माझ्या वाट्याच्या बरण्यांना बारीक नळी लावायची आणि झाकणाच्या फटीतून हवा किती वेळा बदलते ते यंत्रावर बघून लिहायचं. मोठ्या बाई म्हणाल्या, रोपालाही मोकळा श्वास लागतो.

९ मार्च
धाकटीची रोपं तरारलीत. माझी पाणचट, मलूल. झाकणं तीच, खुराक तोच. बाईंनी सगळ्यांना बोलावून तिची सात नंबरची बरणी दाखवली. मीही टाळ्या वाजवल्या. लहानपणापासून वाजवतेच आहे.

१२ मार्च
जेवणाच्या सुट्टीत सातच्या झाकणाभोवती पारदर्शक चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. आता आठवड्यात पिवळी पडेल. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१५ मार्च
सात आणखी हिरवी. मोजलं. शून्य यायला हवं होतं. आत हवा येतेय, जातेय, मिनिटाला सोळा वेळा. दुसरं यंत्र लावलं. सोळाच.

१६ मार्च
जिना चढून धापा टाकत आले. सातचा आकडा अठ्ठावीस. जरा बसले, तर उतरला. मग मुद्दाम श्वास रोखला.
काटा थांबला.
श्वास सोडला – हलला.
पट्टी काढायला गेले. सुटेना. नख लावलं, तर माझीच छाती आवळली –

१७ मार्च
अंगात कणकण. घरीच पडून. जाताना धाकटी कपाळावर हात ठेवून गेली.

दुपारी
तिचा फोन. पट्टी सापडली. कुणाचं काम ते तिला कळलंय.
"ताई, मी तुझं नाव नाही घेतलं. माझीच चूक झाली म्हणून सांगितलं."
तिच्या खरेपणाचं बाईंनी कौतुक केलं म्हणे. तेव्हाही जळले मी.
मग विचारलं, सातचं काय केलं. बाद बरण्या वाफेच्या भांड्यात जातात, तशीच टाकली. भांड्याचं झाकण आवळून झालंय, आता बटण दाबतेच, म्हणाली. थांब म्हणायला तोंड उघडलं, आवाजच –
तिने ठेवला.
परत लावतेय. उचलत नाही –
खिडक्या सगळ्या उघड्या. तरी हवा गरम. घशात – वाफ –
उचल ना. एकदा तरी तुझं चुकू दे – धाकटे, ते बटण