पालवलेली उलांडी

केरी, पेडणे
श्रावण वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप चंद्रावतीआक्कास धाकट्या भावाचा, धाकूचा, वाकून नमस्कार.

तू आणि भावोजी डिचोलीत सुखरूप असाल असं धरून चालतो. भावोजींचा गुडघा कसा आहे? (कसाही असला तरी त्यांनी चालत राहावं. बसलेल्या माणसाला घरचे लगेच मोडीत काढतात, हा माझा ताजा अनुभव.) आम्ही बरे आहोत. माझ्याबद्दल तुझ्या कानावर जे आलं असेल त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि उरलेल्याची मला लाज वाटत नाही.

विषय आपल्या बाबांच्या होडीचा. तिची उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात तो ओंडका, गेल्या पावसात कुजली. तुझा भाचा गौरेश म्हणाला, आता होडी पुरे झाली, मांद्र्याच्या एका शॅकवाल्याला ती दारात मांडायला हवी आहे. आत बर्फ भरणार आणि वर मासे ठेवणार, गिऱ्हाइकांनी बोट दाखवून निवडायला. आक्का, ज्या फळीवर बाबा बसायचे तिथे बर्फ, आणि त्यावर दुसऱ्याने पकडलेला इसवण! मला हे सहन होणार नाही. मी भर अंगणात सांगून टाकलं, दसऱ्यापर्यंत होडी नीट पाण्यात चालवून दाखवली नाही तर खुशाल न्या. (एवढं बोलायला नको होतं असं भाग्यलक्ष्मीचं मत. बायकोने नवऱ्याची बाजू घ्यायची पद्धत आमच्या घरात नाही.)

उलांडीला लाकूड पांगाऱ्याचंच हवं. गौरेश म्हणतो प्लास्टिकचा पाइप बांधा. पाइप न्हाणीत शोभतो. आमचा सुतार बाबली मेस्त तर पांगाऱ्याला लाकूडच मानत नाही. खिळा धरत नाही, दाराला चालत नाही, खुर्ची केली तर पाहुण्यासकट खाली बसते आणि चुलीत घातलं तर नुसता धूर. कबूल! पण वाळलेला पांगारा म्हाताऱ्याने एकट्याने खांद्यावर टाकून किनाऱ्यावर न्यावा इतका हलका, आणि पाण्यात टाकला की बुडायचं नाव घेत नाही. मुलांची रंगीत खेळणी त्याची होतात, बागेचं कुंपण त्याचं, मिरवेल त्याच्यावर चढते. सागवानाने एवढं करून दाखवावं. सागाची उलांडी बांधली तर होडी तळाला जाईल आणि मेस्त काठावरून तिच्या पॉलिशचं कौतुक करील.

आता झालं काय ते सांगतो. बाबा पांगारा काळोख्या पंधरवड्यात तोडायचे, साल काढायचे आणि चुलीच्या धुराजवळ आडवा वाळवायचे. मी घाईत होतो. ज्येष्ठात चांगला चांदण्याचा तोडला आणि घरात जागा नाही म्हणून सालीसकट अंगणात उभा केला. पडू नये म्हणून बुडखा जरासा मातीत पुरला. (पांगाऱ्याची मेढ कुंपणात खोचली की झाड होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही आहे.) पाऊस लागला आणि माझ्या उलांडीला पालवी फुटली. शेजारची सुविधा गडग्यावरून ओरडली, “धाकूकाका, तुमची होडी पालवली मरे! आता तिका होडकुलीं धरतलीं!” मी रोज सकाळी पानं खुडायचो, दुपारपर्यंत नवीन कोंब हजर.

तरी मी माघार घेतली नाही. चार दिवसांमागे नारळी पुनवेला वरचा अर्धा भाग कापला, तसाच ओला होडीला बांधला आणि खाडीच्या तोंडाशी उतरलो. ओला पांगारा वजनाला दगडच. होडी त्या अंगाला वाकली आणि गोल गोल फिरू लागली. किनाऱ्यावरच्या पर्यटकांना वाटलं ही पुनवेची काहीतरी प्रथा असावी, त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी गौरेश पोहत आला, दोरी खांद्याला लावून त्याने मला होडीसकट ओढून आणलं आणि एक शब्द बोलला नाही. बोलायला हवं होतं, मी उत्तरं तयार ठेवली होती.

पण होडी बुडली नाही, हे लक्षात घे. दसरा लांब आहे आणि मी हरलेलो नाही. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकू

ता. क. अंगणात उरलेला अर्धा पांगारा चांगला रुजला आहे. भाग्यलक्ष्मीने त्यावर दोडकी चढवली असून त्याला हात लावला तर जेवण बंद, असं मला कळवण्यात आलं आहे.

आणखी एक. तुझ्या परसात न्हाणीमागे सरळ वाढलेला पांगारा आहे, तो मला हवा. काळोखा पंधरवडा चालू आहे, आजच तोडून घे. भावोजी कुरकुरले तर त्यांना सांग, झाड सासऱ्यांच्या होडीला लागतंय.

आणि शेवटचं. हे पत्र बंद पाकिटात घेऊन गौरेशच येतो आहे, त्याच शॅकवाल्याचा टेंपो मागून घेऊन. आत्याकडून केळीचे घड आणायचे, एवढंच त्याला ठाऊक. परस मोकळं करायचंय असं सांगून झाड त्याच्याकडूनच तोडून घे, टेंपोत चढवून घे, आणि मग हे पत्र त्याच्या हातात दे. वाचून त्याने ओंडका खाली उतरवला तर होडी मांद्र्याला जाऊ दे, मी अडवणार नाही. नाही उतरवला तर दसऱ्याला दुसरं वल्हं मारायला मला कोणीतरी लागणार आहे. हे मी त्याला तोंडाने विचारणार नाही. बाप आहे मी त्याचा.