सोमवारचे गुच्छ

मंगळवार, ३ जून

चर्चच्या वेदीजवळची फुलांची मोठी मांडणी रोझलिंडला दिली! मला काय, तर दारामागची खिडकी. खांबाआडची. तिथे फुलं ठेवली काय नि बटाटे ठेवले काय, कोणाला दिसणार?

पाद्रीबुवा मिटिंगमध्ये गोड आवाजात म्हणाले, "गॅदरकोलबाई, शिडीची दगदग आता तुम्हाला नको." दगदग म्हणे! माझा नवरा आर्थर गेल्यापासून दर जूनच्या पुष्पोत्सवात वेदी माझी असते. लोक "वा" म्हणतात. वर्षभरात मला तेवढंच कोणी काही म्हणतं. आणि ही रोझलिंड परवा लंडनहून आलेली. हिच्या बुटांना अजून गावाचा चिखलसुद्धा लागलेला नाही.

रविवार, ८ जून

यंदाचा विषय नोहाची नौका. रोझलिंड पांढऱ्या कार्नेशनचं कबुतर करणार. करू दे.

एक बरं, सोमवारची फेरी तरी माझ्याकडे आहे. उत्सव संपला की उरलेल्या फुलांचे गुच्छ बांधायचे आणि घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्यांना नेऊन द्यायचे. ते काम कोणाला नकोच असतं. मला जमतं, कारण मी उंबरा ओलांडत नाही. "थांबत नाही हं, अजून बरीच घरं राहिलीत!" म्हणायचं, गुच्छ हातात कोंबायचा, गाडी सुरू. नाहीतर मेलेच! ती आयव्ही लेगेट तर चहाचं पाणी उकळत ठेवूनच दार उघडते. आत गेलं की तिच्या गुडघ्यांचं पुराण.

गुरुवार, १९ जून

मांडणीचा दिवस. कबुतर कसलं, खुडूक कोंबडी! चोच गाजराची. गाजर, देवाच्या वेदीवर! शिवाय लिलीतले पराग काढलेले नाहीत. रविवारी पाद्रीबुवांचा पांढरा झगा हळदीचा होणार.

सगळ्या जेवायला गेल्यावर मीच पराग काढायला चढले. शिडीवर नाही हं – प्रार्थनेला गुडघे टेकायच्या दोन उशा एकावर एक ठेवून. वरची सटकली. मी बादलीसकट खाली.

लागलं काही नाही. नुसतं पाणी. पण रोझलिंड धावत आली – "अगंबाई! उठू नका, उठू नका!" पाद्रीबुवांनी खुर्ची आणली. कोणीतरी न विचारता चहात साखर घातली. मी साखर घेत नाही! माझी खिडकी भलत्याच कोणीतरी पुरी केली आणि मी पायावर शाल घेऊन बघत बसले. असा संताप आला!

शनिवार, २१ जून

गर्दी. शेजारच्या गावांतून बस भरभरून लोक. जो तो कोंबडीचे फोटो काढतोय. केक कोरडा.

माझ्या खिडकीपाशी एक गृहस्थ थांबले. छत्री ठेवायला.

रविवार, २२ जून

झगा हळदीचा झालाच. बरं वाटलं.

प्रार्थनेनंतर रोझलिंड जवळ आली. "गॅदरकोलबाई, उद्या सकाळी घरीच आहात ना?" आहे म्हटलं, जरा आखडूनच. अडलं ना शेवटी! कोणाचं मागचं दार वाजवायचं, कोणाला ऐकू येत नाही, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक? आली की आधी चांगल्या कपांतून चहा देणार. थोडं ताटकळवणार. मग दोघी मिळून फेरीला जाऊ. गाडी तिने चालवली तरी माझी हरकत नाही.

खरं सांगायचं तर गुरुवारपासून धास्ती होती, मला मोडीत काढलं की काय. आज झोप लागेल.

सोमवार, २३ जून

रोझलिंड आली. कबुतराची कार्नेशनं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. माझ्या हातात दिली. "थांबत नाही हं, अजून बरीच घरं राहिलीत."

आत चहाचं पाणी उकळत होतं.