सातव्या दिवसाचा पाचवा प्रश्न

आई,

मी माझ्याच घरातल्या संगणकाचा पासवर्ड विसरलो. हे वाक्य तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिणे मला शक्य नाही, कारण तू ते वाचणार नाहीस. जिवंत असतीस तरी वाचले नसतेस. तुला अक्षर येत नव्हते, आणि त्या गोष्टीचा मी आयुष्यभर सोयीने उपयोग केला.

तुझी सून आता नाही, आणि तुझी नात पुण्याला असते. ऐंशीव्या वर्षी मी अमरावतीत एकटा राहतो तो तिच्या एका अटीवर. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी स्वतः, कोणाचीही मदत न घेता, संगणक उघडून तिला चेहरा दाखवायचा. ज्या रविवारी हे जमणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन येईल, घराला कुलूप लावील आणि मला पुण्याला नेईल. अट मला मान्य होती. ती निःसंदिग्ध आहे, तिची पडताळणी करता येते, आणि अशी अट घालायला तिला मीच शिकवले आहे. पासवर्ड मी दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. तो लिहून ठेवत नाही. विद्यार्थ्यांना चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने आठ अक्षरांसाठी कागदाचा आधार घ्यावा, हे मला कमीपणाचे वाटते. या महिन्यात एक तारखेला मी तो बदलला आणि चार तारखेला, शुक्रवारी, तो माझ्याजवळ नव्हता. हातातून पडलेली वस्तू निदान वाजते. याचा आवाजसुद्धा झाला नाही.

विसरलेल्या माणसासाठी यंत्राने एक दार ठेवलेले असते. आपणच पूर्वी निवडलेले तीन प्रश्न ते विचारते आणि तिन्ही उत्तरे जुळली तर नवा पासवर्ड घालू देते. लहानपणीचे टोपणनाव, पहिली शाळा, जन्मगाव. मी तिन्ही उत्तरे भरली. चूक. पुन्हा भरली. चूक. तीनपैकी कोणते चुकले हे ते सांगत नाही. तुला मी निदान कोणता प्रश्न चुकला ते सांगत असे.

तुझी परीक्षा तुला आठवत असेल असे मी धरून चालतो. अकोल्याच्या जठारपेठेतली तुझी पिठाची चक्की बंद होऊन दहा वर्षे झाली होती, पण तू तिच्या मागच्या दोन खोल्या सोडायला तयार नव्हतीस. गॅसवर दूध ठेवून तू शेजारी जाऊन बसलीस, पातेले जळाले, शेजारणीने मला फोन केला आणि मी तुला आठ दिवसांसाठी म्हणून अमरावतीला आणले. आठ दिवसांचे चार महिने झाले. तू रोज विचारायचीस, "मले अकोल्याले कवा नेतं?" शेवटी मी तुला अट घातली. रोज सकाळी साडेसातला, स्वयंपाकघरात, पाच प्रश्न. सलग सात दिवस पाचही उत्तरे बरोबर आली, तर आठव्या दिवशी अकोला. ज्या बाईने चाळीस घरांचे दळणाचे डबे एकही खूण न करता, एकदाही अदलाबदल न करता सांभाळले, तिला मी वार आणि महिना विचारत होतो. वही माझ्यासमोर उघडी असे. पहिल्या खेपेला तिसऱ्या दिवशी तुझ्या सुनेने भाकरी थापताथापता "बुधवार" असे पुटपुटलेले मी ऐकले आणि तीनही दिवस रद्द केले. ती म्हणाली, "अहो, आई आहे ती तुमची, परीक्षेला बसलेली पोरगी नाही." मी म्हणालो, "नियम दोघींनाही आधी सांगितला होता." तू मात्र तक्रार केली नाहीस. पदर खोचून म्हणालीस, "इचार पुन्हा एकपासून. म्या काय भेते काय तुले?"

दुसऱ्या खेपेला तू सहा दिवस पार केलेस. सातव्या दिवशी चार उत्तरे बरोबर आली. तुझे गाठोडे दाराशी बांधून ठेवलेले होते, हे मी प्रश्न विचारताना पाहिले होते. पाचवा प्रश्न मी विचारला, "माझा जन्म कुठे झाला?"

"धामणगावले," तू म्हणालीस, क्षणभरही न थांबता.

"चूक. अकोला."

"काहून चूक?"

"शाळेच्या दाखल्यावर अकोला आहे."

"दाखल्याले कळा आल्या होत्या, का मले?"

मोरीपाशी भांडी विसळणारी तुझी सून हसली. मला ते आवडले नाही. मी म्हणालो, लेखी पुराव्यापुढे तोंडी विधान टिकत नाही. तुझ्याजवळ काय पुरावा आहे? तू माझ्याकडे बोट केलेस. "तूच हायेस ना पुरावा. रेलगाडीतून उतरली मी तवा..." तिथे मी तुला थांबवले. उत्तर देऊन झाल्यावर स्पष्टीकरण ऐकायचे नाही, असा माझा वर्गातही नियम होता. मी वहीत फुली मारली.

त्यानंतर तू प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देऊ लागलीस. वार कोणता? धामणगाव. काल कोण आले होते? धामणगाव. चहा घेणार का? धामणगाव. तू माझी थट्टा करत होतीस हे मला समजत होते. तुझे डोळे लपत नसत. तरीही मी डॉक्टरांना ते लक्षण म्हणून सांगितले, आणि त्यांनी ते लक्षण म्हणून लिहून घेतले.

तर शुक्रवारी दुपारी मी संगणकाचा डबा ऑटोत घालून राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात नेला. दुकान एक पन्नाशीची बाई चालवते. तिने वायरी लावल्या आणि माझे तीन प्रश्न भरल्या दुकानात मोठ्याने विचारायला सुरुवात केली.

"लहानपणी काय म्हणत तुमाले, काका?"

"बारक्या," मी शक्य तितक्या हळू म्हणालो. बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइके माझी उंची पाहू लागली.

"शाळा?" मी सांगितली. "जलम?" "अकोला." तिने बटण दाबले. "नाही म्हणते."

"यंत्र चुकत असेल."

"यंत्र काहून चुकन? तुमीच भरलं असन ना कायतरी. नाहीतं फॉरमॅट मारा लागते, मंग सारं साफ. घरी कोणी हाय का? पोरगी? नंबर द्या, मी इचारतो तिले."

"माझ्या मुलीला फोन करायचा नाही," मी म्हणालो. "तुमचे काम यंत्र तपासण्याचे आहे, माणूस तपासण्याचे नाही."

"मंग आठवा," ती म्हणाली. तिला राग आलेला नव्हता. तेच अधिक लागले. "इतके कडक मास्तर तुमी, न् सोताचं जलमगाव येईना. कागदावरचं राहू द्या, काका. कागद काय, कोणीही लिहिते. तुमची माय काय सांगे?"

मी तिला बाजूला व्हायला सांगितले आणि स्वतः टंकले. धामणगाव. दार उघडले.

सहा वर्षांपूर्वी हे यंत्र घरी आले तेव्हा मी असा विचार केला होता. खरे जन्मगाव माझ्या प्रत्येक कागदावर आहे, म्हणजे ते गुप्त नाही. गुप्त ठेवायचे तर जिवंत माणसांपैकी कोणालाही ठाऊक नाही असे उत्तर हवे. तसे माझ्याजवळ एकच होते. युक्तिवाद निर्दोष होता. त्यात एकच गोष्ट मी धरली नव्हती, की पुढे ते ठाऊक नसलेल्या जिवंत माणसांत मीही असेन.

"खरं होतं तेच लिहिलं होतं ना शेवटी?" बाईने विचारले. "नाही," मी म्हणालो, "मुद्दाम खोटे लिहिले होते." तिने मान हलवली आणि दुसऱ्याचे काम हातात घेतले.

रविवारी पाचला मी तुझ्या नातीला चेहरा दाखवला. "बाबा, या आठवड्यात काही अडचण?" "काही नाही." "नक्की?" "नक्की." ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून मला भीती वाटत नाही म्हातारपणाची." मी उत्तीर्ण झालो. माझ्या परीक्षेत प्रश्न विचारणारी दोनशे कोसांवर होती आणि उत्तर कुठून आले हे तिला दिसत नव्हते. तुझ्या परीक्षेत परीक्षक दोन हातांवर बसला होता.

हे पत्र कुठेही जाणार नाही. ते तुझ्या नातीच्या हाती लागू नये म्हणून उद्या मी ते फाडीन, आणि म्हणूनच पुढचे लिहितो. तुझ्या सातव्या दिवसानंतर चौथ्या दिवशी मावशी तुला भेटायला आली होती. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि माझ्या जन्माबद्दल सहज विचारले. ती म्हणाली, तू माहेरी यवतमाळला निघाली होतीस, धामणगावला गाडीतून उतरताच कळा सुरू झाल्या, आणि स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये एका फिटरच्या बायकोने माझी नाळ कापली. नोंद वडिलांनी नंतर अकोल्यात केली. मी तिला रिक्षात बसवले, आत आलो. तू ओट्याशी बसून लसूण सोलत होतीस. वही फळीवर होती. फुली खोडायला पेन्सिलीचे दुसरे टोक पुरले असते.

तू त्यानंतर चौदा महिने जगलीस, आणि अकोला पाहिले नाहीस. निकाल एकदा लागला की बदलत नाही, असे मी स्वतःला सांगत आलो. तो युक्तिवाद नव्हता. तू एकटी असताना काही होईल, ही भीतीही नव्हती. मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. तुझी सून माझ्या प्रश्नांना उत्तरे देईनाशी होऊन बराच काळ लोटला होता. सकाळी साडेसातला माझ्यासमोर येऊन बसणारी तू एकटीच उरली होतीस, आणि मला माझा तास सोडायचा नव्हता.