सहावा पट्टा

ता. ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीचं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला. जांघेत फुगवटा येतो, आडवं पडलं की आत जातो, आणि तुम्ही त्यावर घरीच पट्टा शिवून बांधता? अहो, हा हर्निया. पोटाची भिंत विरली की आतडं तिथून डोकावतं. पट्ट्याने ते दबतं, भोक बुजत नाही. ऑपरेशन साधं आहे, आमच्याकडे रोजचंच. आता करून घ्या.

तोवर एवढं लक्षात ठेवा. फुगवटा कडक झाला, दुखू लागला, आत जाईना, उलट्या झाल्या, तर दाबायचं नाही, घोटभर पाणीही प्यायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

बाबा मात्र तुमचीच बाजू घेतात. म्हणतात, पट्टा चांगला असेल तर कापाकापी कशाला? मी त्यांना गप्प केलं.

राग मानू नका, माया आहे म्हणूनच ओरडते.
तुमची,
टिचकी

ता. ११ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

वा गं सर्जनबाई! तुझा पहिला फ्रॉक या हातांनी शिवला, आणि आता तू मला भोकं बुजवायला शिकवतेस? पट्टा बघशील तर थक्क होशील. दुहेरी शिलाई, आत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची गादी. बांधणारे सगळे नावाजतात. लग्नसराईचे कोट हातावेगळे झाले की बघू.

मामीने तुझं पत्र मशीनसमोरच्या भिंतीला टाचलंय. सुई ओवताना सारखं डोळ्यांपुढे येतं. वैताग आहे नुसता.

अशीच दटावत जा.
मामा

ता. ५ मार्च

चि. टिचकीस,
अ. उ. आ.

दवाखान्यातून परवाच घरी आलो. ऐक, आणि हसू नकोस.

कापडाचा गठ्ठा उचलला आणि फुगवटा बाहेर आला तो आलाच. दगडासारखा कडक. मी शहाण्याने काय करावं? पट्टा आणखी दोन भोकं आवळला! मग कळ अशी आली की कात्री हातातून पडली. उलटी झाली. मामीने भिंतीवरचं पत्र ओढून काढलं, मोठ्याने वाचलं, पट्टा सोडला आणि रिक्षा बोलावली. मी पाणी मागत होतो, तिने थेंब दिला नाही. इथले सर्जन म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर आतडं कापावं लागलं असतं. फार घाबरलो होतो गं.

आत जाळीचं ठिगळ लावलंय. जन्मभर ठिगळाला नाकं मुरडली, आता त्याच्याच जिवावर चालतोय.

आता खरं सांगतो. मी असे पट्टे आणखी सहा जणांना शिवून दिले होते. मापाची वही उघडली आणि घाम फुटला. पोस्टमन, बेकरीवाला, असे पाच जण गावातलेच. मामीने घरोघर जाऊन सगळ्यांना दवाखान्यात पिटाळलं, पट्टे मी बसल्या बसल्या कात्रीने कापले. सहाव्याने कोणाला न सांगायची शपथ घातली होती. ती आज मोडतो. कंबर अडतीस, डावी बाजू. तुझे बाबा.

माफ करता आलं तर कर.
मामा

ता. १३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र हातात घेऊनच बाबांच्या खोलीत गेले. म्हटलं, शर्ट वर करा. लहान मुलासारखे ओशाळले. तुझ्यामागे आधीच केवढी कामं, म्हणाले. दिवसाला तीस पोटं तपासते मी, आणि जेवायला समोर बसणारं पोट दिसलं नाही. मीच खूप रडले.

काल ऑपरेशन झालं. माझ्या सरांनी केलं. बाबा आज सकाळी चालले, आणि चहा पाणचट आहे म्हणून कुरकुरलेसुद्धा. म्हणजे बरे आहेत.

सोबत पट्टा पाठवते आहे. शिलाई खरंच देखणी आहे हो मामा. माझ्याने कापवेना. तुम्हीच कात्री लावा.

लोभ असू द्या, आणि गठ्ठे उचलू नका.
तुमची,
टिचकी