धम्मशीलाने नाकारलेली सही

मी, मंजुश्री संघपाल हिवाळे, वय ७२, तत्त्वज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः विचार करून हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पहिले कलम वाचल्यावर माझा मुलगा चंद्रशेखर तो मागेल. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. अमडापूरचे राहते घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पश्चात मुलगी धम्मशीला हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावे. कारण नोंदवते.

धम्मशीला पुण्यात एका कंपनीत इंजिनिअर होती. नोकरीच्या उमेदवारांची फोनवर मुलाखत घेऊन गुण देणारे मशीन कंपनीने तयार केले. ते विकायला योग्य आहे, अशी सही हिने करायची होती. तपासताना हिने लोणारच्या पुष्पांजली नावाच्या मुलीची मुलाखत ऐकली. उत्तरे सगळी बरोबर, गुण मात्र तळाचे. मुलगी आमच्या वऱ्हाडी बोलीत ‘मले’, ‘तुमाले’ म्हणत होती, एवढाच तिचा दोष.

कंपनीचे साहेब म्हणाले, “मशीन भेदभाव करत नाही. त्याला आडनावसुद्धा माहीत नसतं.”

ही म्हणाली, “आडनाव नसेल माहीत, पण त्याला कान आहेत ना? ते कोणाचे बसवले?”

सही केली नाही. नोकरी गेली. घरी आली तेव्हा चंद्रशेखरने माझ्यासमोर विचारले, “काऊन नाही केली वं सही? दुसरा कोणी करनच ना.”

“हाव, करन. पण मी नाही.”

दुसऱ्याने केलीच, मशीन आज विकले जाते. पण निघण्यापूर्वी हिने हट्ट धरला आणि पुष्पांजलीची मुलाखत माणसांना पुन्हा घ्यायला लावली. त्या मुलीला नोकरी लागली. दिवाळीत ती आम्हाला भेटून गेली.

हत्यार घडते तेव्हाच त्यात घडवणाऱ्याची नजर उतरते, हे मी आयुष्यभर शिकवले. मुलांनी ते पेपरात लिहिले आणि विसरले. माझ्या लेकीने ते स्वतःच्याच पोटावर पाय देऊन जगून दाखवले. मला तिचा गर्व आहे. ‘अभिमान’ हा शब्द मला ठाऊक आहे. तो इथे पुरत नाही.

२. बँकेतील ठेवी दोन्ही मुलांना समान. चंद्रशेखर, दवाखान्यात तूच माझ्या उशाशी बसलास, हे मी विसरलेले नाही. घरासाठी मात्र बहिणीशी भांडू नकोस.

३. माझी पुस्तके सहकारी प्रा. अनंतराव यांना द्यावीत. “सुरी निर्दोष, हात दोषी,” असे ते स्टाफरूममध्ये मला सुनावत आले. समासात मी उत्तरे लिहून ठेवली आहेत. ती वाचल्याखेरीज त्यांनी पुस्तके रद्दीत घालू नयेत.

४. अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावेत. नंतरच्या सभेत धम्मशीलाने बोलावे. माईक चांगला लावावा, मागच्यांनाही ऐकू गेले पाहिजे. तिने घरच्या बोलीतच बोलावे. पुण्याहून आलेल्यांना एखादा शब्द कळला नाही, तर त्यांनी शेजारच्याला विचारावे.

सही: मंजुश्री सं. हिवाळे

मंजुश्रीताईंनी हे स्वतः वाचून आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.
साक्षीदार: १. पुंजाजी सरकटे, शेजारी, अमडापूर
२. डॉ. नीरजा देशमुख, चिखली

अमडापूर, २३ नोव्हेंबर २०२५