बाहेरून कडी

३ फेब्रु., सोम.
आईचं तेरावं झालं. माणसं जेवून गेली. दुपारी दादाने पाटणहून सुतार आणला आणि पुढच्या दाराला कडी बसवली. या घरातली पहिलीच.
सुतार म्हणाला, "चौकटीला जुनी भोकं बी न्हाईत. इतकी वर्सं काय करत हुता?"
दार लोटून आतून वरवंटा लावायचो. सांगितलं तर हसला.

४ फेब्रु.
सकाळी वहिनी कडी लावून-काढून बघत होती. "वन्सं, नव्या नवरीच्या खोलीला कडी नाही! तुमचा भाऊ महिनाभर दाराला पाठ लावून झोपला. उगाच नाही मी सांगलीला पळाले."
दादा म्हणाला, "गप गं." मग तोही हसला. हसता हसता बाहेर जाऊन उभा राहिला.
न्हाणीलाही कडी नाही. आत कुणी असलं की बादली बाहेर. पाहुणे फसायचे.
जाताना दादा म्हणाला, "रविवारी टेम्पो आणतो. माधवनगरला आमच्याकडं चल. हितं एकटी काय करणार? घराला कुलूप घालू."
बघू म्हटलं.

६ फेब्रु.
सगळ्यांना वाटतं, भूकंपाची भीती बसली म्हणून आईला कडी चालत नव्हती. थोरला बाळू त्या पहाटे भिंतीखाली गेला, एवढंच दादाला माहीत. तो बाळूच्या मागून झालेला, मी त्याच्याही मागून.
आमचे हे गेल्यावर मी इथे राहायला आले, त्या वर्षी आई एकदा बोलली. तांदूळ निवडत होती.
"परसाकडं निघाले हुते. पोरगं थंडीत मागं ईल म्हणून भायेरनं कडी घातली. जमीन हालली आन् चौकट वाकडी झाली. कडी निघंना. आतनं हाका मारत हुतं."
मग, "दादाला सांगू नगंस."
पुन्हा कधी विषय नाही. नवं घर बांधलं तेव्हा सुताराने लावलेल्या कड्या तिने त्याच्याकडून काढून घेतल्या आणि ओढ्यात टाकल्या, असं चुलती सांगायची. चौकटीही बदलायला लावल्या.

७ फेब्रु.
दादाचा फोन. "कडी लावतीस ना?" लावते म्हटलं.
लावत नाही.
त्याला सांगावं का. सांगितलं तर कुलपाचं तो बोलणार नाही. पण आईकडे तो आयुष्यभर ज्या नजरेने बघत आला, ती...

८ फेब्रु.
दुपारी धक्का बसला. लहानच. मांडणीवरची भांडी वाजली. आळीतली सगळी बाहेर आली. शेजारच्या हौसाकाकू मात्र आल्याच नाहीत. जाऊन पाहिलं तर खाटेवर बसून होत्या.
"आज कुनी हाक मारली न्हाई गं. मला वाटलं, मलाच भास झाला."
प्रत्येक धक्क्याला आई अंगणात उभी राहून घराघराच्या नावाने ओरडायची. दारं ढकलून बघायची. पोरं तिची नक्कल करायची.
आज मीही अंगणात होते. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

९ फेब्रु., रवि.
दादाचा फोन. कराड सोडलं. "कुलूप आणलंय. तू नुसतं सामान बांध."
दोन पिशव्या भरल्या. आईचं घोंगडं वर ठेवलं, परत खाली काढलं.
काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.
त्याला पाट्यावरची चटणी लागते. दाराजवळचा वरवंटा उचलून धुतला. दार वाऱ्याने हलतंय. शेंगदाणे भाजून झाले. आता लसूण सोलते.